मुंबई ते हावडा स्लीपरने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बहीण खरगपूरला राहते. त्यामुळे कल्याणहून गीतांजली एक्सप्रेस पकडणं हे आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललेलं आहे, आणि बहुतेक वेळा स्लीपरनेच. ओळखीतलं कुणी कोलकात्याला निघालं की फोन येतो. प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. उदाहरणं गीतांजलीची असली तरी दुसऱ्या कुठल्याही लांबच्या गाडीच्या स्लीपरला यातलं बरंचसं लागू पडेल.

एवढ्या लांबच्या प्रवासाला स्लीपर झेपेल का?

मुंबई ते हावडा अंतर दोन हजार किलोमीटरच्या थोडं आत आहे. गीतांजली सकाळी सहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. म्हणजे साधारण तीस तास, आणि त्यात झोपायची रात्र एकच. धडधाकट माणसाला हे सहज झेपतं. थ्री एसीचं भाडं स्लीपरच्या दुपटीहून बरंच जास्त पडतं. चौघांचं कुटुंब असेल तर त्या फरकात कोलकात्यातला राहण्याचा खर्च निघू शकतो.

झेपणार नाही ते मे महिन्यात. गीतांजली भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा हा पट्टा भर दुपारी ओलांडते. विदर्भातल्या मे महिन्याची दुपार आणि वरून तापलेलं डब्याचं छत, हे लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असताना अंगावर घेऊ नका. त्या दिवसांत सरळ एसीचं तिकीट काढा. स्लीपरनेच जायचं असेल तर रात्री सुटणारी गाडी बघा. प्रवासात रात्री दोन पडतात, पण विदर्भ तरी सकाळच्या वेळात पार होतो.

हावड्याच्या नेमक्या कुठल्या गाड्या आहेत? नावं सारखीच वाटतात.

इथे खरोखर गोंधळ होतो. मुंबई-हावडा मेल या नावाच्या दोन गाड्या आहेत. एक नागपूर, रायपूर, टाटानगर मार्गे जाते आणि दुसरी जबलपूर, प्रयागराज, गया मार्गे. दोन्ही रात्री सुटतात. तिकीट काढताना गाडीचा नंबर आणि मधली स्टेशनं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहिणीकडे यायला निघालेल्या एका पाहुण्यांनी गयेमार्गे जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं होतं. ती गाडी खरगपूरला जातच नाही. पुण्याहून निघणाऱ्यांसाठी आझाद हिंद एक्सप्रेस आहे, ती दौंड, मनमाड, भुसावळ करत नागपूरमार्गे जाते. लोकमान्य टिळक टर्मिनसहूनही कोलकात्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, पण पहिल्यांदा जाणार असाल तर माझं मत गीतांजलीला.

तिकीट किती आधी काढावं?

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती साठवर आली. खिडकी सकाळी आठला उघडते. दुर्गापूजा, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसावंच लागतं. इतर वेळी महिनाभर आधी काढलं तरी बऱ्याचदा जागा मिळून जाते.

आयआरसीटीसीचं खातं आधीच आधारशी जोडून ठेवा. तत्काळसाठी ते १ जुलै २०२५ पासून लागतंच. स्लीपरचं तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडतं, एसीचं दहाला. ‘आदला दिवस’ म्हणजे गाडी तिच्या सुरुवातीच्या स्टेशनहून निघते त्याच्या आदला दिवस. नागपूरच्या पुढे, मध्यरात्रीनंतर बिलासपूरला चढणारे इथे हमखास एक दिवस चुकतात. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

वेटिंग आणि आरएसी यात फरक काय?

जमीन-अस्मानाचा. आरएसी मिळालं म्हणजे गाडीत चढायचा हक्क मिळाला. साईड लोअरच्या एका बर्थवर दोघांना बसायला जागा असते, आणि कुणी आलं नाही किंवा कुणी रद्द केलं तर पूर्ण बर्थ मिळतो. रिकाम्या बर्थवर पहिला हक्क आरएसीवाल्यांचाच. अनोळखी दोघांनी एका बर्थवर रात्र काढायची म्हणजे एकाचे पाय खिडकीकडून आणि दुसऱ्याचे आतल्या बाजूने, असं ठरवून घ्यावं लागतं. मी एकदा एका आजींबरोबर तशी रात्र काढली आहे. झोप दोघींनाही बेताचीच लागली, पण सकाळी चक्रधरपूरला त्यांनी डब्यातली मुरमुऱ्यांची मोठी पुडी माझ्यापुढे उघडून ठेवली.

वेटिंगचं तिकीट घेऊन मात्र स्लीपरमध्ये बसता येत नाही, अगदी खिडकीवर काढलेलं असलं तरी. ऑनलाईन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट, म्हणजे कुणाला कुठला बर्थ याची शेवटची यादी, लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात.

वेटिंगचेही प्रकार असतात. जीएनडब्ल्यूएल म्हणजे गाडीच्या सुरुवातीच्या टप्प्यातली यादी, ती सगळ्यात भरभर सरकते. पीक्यूडब्ल्यूएल आणि आरएलडब्ल्यूएल या मधल्या स्टेशनांच्या कोट्यातल्या याद्या, त्यांचा कोटाच लहान असतो. जीएनडब्ल्यूएल वीस आणि पीक्यूडब्ल्यूएल वीस हे दिसायला सारखे, पण दुसऱ्याच्या भरवशावर सुट्टी टाकू नका.

तिकीट मुंबईचं आहे, पण चढायचं कल्याणला. चालेल का?

चालेल, पण चार्ट लागण्याआधी आयआरसीटीसीवर किंवा खिडकीवर जाऊन चढण्याचं स्टेशन बदलून घ्या. तसं केलं नाही आणि टीसीने तुम्हाला गैरहजर धरून बर्थ आरएसीवाल्याला दिला, तर वाद घालून उपयोग नाही. एकदा बदललं की मग आधीच्या स्टेशनहून चढायचा हक्क राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. हल्ली चार्ट पूर्वीपेक्षा बराच आधी लागतो. सकाळच्या गाडीचा तर आदल्या संध्याकाळीच. तेव्हा हे काम शेवटच्या क्षणावर ठेवू नये.

माझा बर्थ नंबर ४३ आहे. हा खालचा की वरचा?

आठने भागा आणि बाकी बघा. बाकी १ किंवा ४ आली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ म्हणजे साईड लोअर आणि काही उरलं नाही तर साईड अपर. ४३ ची बाकी ३, म्हणजे वरचा बर्थ. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यात एकूण ७२ बर्थ असत, आताच्या एलएचबी डब्यात ८० असतात. हिशोब दोन्हीकडे तोच.

नंबर जितका डब्याच्या मध्यावरचा तितकं बरं. अगदी पहिले आणि शेवटचे आठ बर्थ संडासाजवळ आणि दारापाशी येतात. रात्रभर दार आपटतं, वास येतो, येणारे-जाणारे पायाला धडकतात.

कुठला बर्थ मागावा?

एकट्याने जाणाऱ्या तरुण माणसाने वरचा घ्यावा. दिवसा हवं तेव्हा आडवं होता येतं, कुणाला विचारावं लागत नाही, आणि उशाशी ठेवलेली पिशवी चोराच्या हाताबाहेर राहते. उन्हाळ्यात मात्र छताची धग तिथेच सगळ्यात जास्त लागते.

खालचा बर्थ हा दिवसा सगळ्यांचा असतो, हे मनाशी धरूनच मागावा. मधल्याला दिवसा अस्तित्वच नाही, तो पाठ टेकायची फळी असतो. साईड लोअरला दोन बाजूंच्या पाठी पाडून बर्थ होतो, त्यामुळे मधली फट कंबरेला टोचते. एक जाड चादर दुमडून तिथे घातली की काम होतं. साईडचे दोन्ही बर्थ आखूड असतात, उंच माणसाला पाय दुमडूनच झोपावं लागतं. तरी मला स्वतःला साईड लोअर सगळ्यात आवडतो. दिवसभर खिडकी आपली, समोर एकच माणूस, आणि मांडी घालून बसलं की गुडघ्यांवर डबा उघडता येतो.

आई ६८ वर्षांची आहे. तिला खालचा बर्थ नक्की मिळेल का?

तिकीट काढताना ज्येष्ठ नागरिकांचा, म्हणजे लोअर बर्थचा, कोटा निवडा. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना तो मिळतो, मात्र एका तिकिटावर एक किंवा दोघंच असतील तेव्हा. चौघांच्या तिकिटात आईचं नाव घातलं की हा फायदा जातो. म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं. एरवी कोटा न निवडताही रेल्वेची यंत्रणा वय बघून खालचा बर्थ द्यायचा प्रयत्न करते, पण खात्री नाही. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे.

वरचा बर्थ आलाच तर गाडीत चढल्यावर लगेच समोरच्याला विचारा. रात्री दहाला, सगळ्यांनी अंथरुणं घातल्यावर नको. अशी विनंती धुडकावलेली मी फार क्वचित पाहिली आहे.

मधला बर्थ कधी लावायचा? खालचे काका रात्री अकरापर्यंत गप्पा मारत बसतात.

रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ. पूर्वी ती नऊपासून धरायचे, २०१७ मध्ये दहा झाली. दहा वाजले की मधल्या बर्थवाल्याला फळी वर लावायचा पूर्ण हक्क आहे, आणि सकाळी सहानंतर खाली पाडायची त्याची जबाबदारी. या आठ तासांत साईड अपरवाल्याचाही साईड लोअरवर बसण्याचा हक्क नसतो. आधीपासून गाडीत असलेल्या प्रवाशाला तिकीट तपासायला टीसीने या वेळात उठवायचं नसतं, नव्याने चढलेल्यांचं वेगळं.

आजारी, गरोदर किंवा अपंग माणसाला याआधीही झोपू द्यावं, असं नियमातच म्हटलेलं आहे.

काकांना कसं सांगायचं? आधी, संध्याकाळीच. ‘काका, मला सकाळी टाटानगरला उतरायचंय, दहाला बर्थ लावला तर चालेल ना?’ असं जेवायच्या वेळी बोलून ठेवलं की साडेनऊला तेच चादर झटकायला घेतात. आठ माणसांचं हे खण तीस तासांचं बिऱ्हाड असतं, आणि बिऱ्हाडात पहिल्या तासात बोललेलं पुढे उपयोगी पडतं.

स्लीपरचे बर्थ फार कडक असतात का?

नाही, आणि याचं श्रेय एका मराठी माणसाचं आहे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातले बर्थ पूर्वी नुसत्या लाकडी फळ्यांचे होते. १९७७ मध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून निवडून येणारे समाजवादी. वरच्या वर्गाचा थाट कमी करण्यापेक्षा खालच्या वर्गाचा प्रवास सुखाचा करावा, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला घेतला. ज्या गीतांजलीबद्दल मी लिहिते आहे ती गाडीही त्यांनीच डिसेंबर १९७७ मध्ये सुरू केली. तेव्हा ती वर्गविरहित गाडी होती, पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असा भेदच नव्हता. पुढे तिला एसीचे डबे लागले, आणि अनेक गाड्यांप्रमाणे आता स्लीपरपेक्षा थ्री एसीकडे ओढा वाढलेला दिसतो. मला ते बघवत नाही. ज्या माणसाला एसी परवडत नाही त्यालाही रात्री पाठ टेकता यावी म्हणून ज्या डब्यांवर एवढा विचार झाला, ते डबे हवेतच.

अंथरूण-पांघरूण मिळतं का? काय काय न्यावं?

स्लीपरमध्ये बेडरोल धरून चालू नका. एक जाड चादर अंथरायला, एक पांघरायला, आणि हवेची उशी किंवा कपड्यांची घडी. डिसेंबर-जानेवारीत छत्तीसगडच्या पुढे रात्री चांगलीच थंडी पडते आणि खिडकीच्या फटीतून वारा शिरतो. तेव्हा गोधडी आणि कानटोपी न्याच. उन्हाळ्यात पंचा. तो ओला करून खिडकीला लावला की दुपार थोडी सुसह्य होते.

साखळी आणि कुलूप विसरू नका. खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यांत बॅग अडकवायची. स्लीपरला माणशी चाळीस किलो सामान विनाशुल्क नेता येतं. एवढं न्यावं असं मात्र नाही, कारण बर्थखालची जागाही सगळ्यांत वाटून घ्यायची असते. पॉवर बँक भरून घ्या. डब्यातले पॉइंट कमी असतात आणि आगीच्या भीतीने रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंग बंद ठेवतात.

जेवणाचं काय?

पहिल्या दिवसाचं घरून न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी. भाजी सकाळच्या खाण्यालाच संपवा, उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत टिकत नाही. दशम्या आणि चटणी मात्र दुसऱ्या दिवशीही चालतात. कांदा घातलेलं काही नेऊ नका.

इगतपुरीला वडापाव घ्यायला हरकत नाही, गरम असेल तरच. जळगाव-भुसावळकडे केळी. पुढे शेगावच्या पट्ट्यात टोपल्या घेऊन कचोरीवाले चढतात. संध्याकाळी नागपूर येतं, तिथे हंगामात संत्री आणि एरवी संत्राबर्फी. रात्रीच्या जेवणासाठी नागपूरला आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून आधीच मागवता येतं, डबा बर्थवर आणून देतात. १३२३ वर फोन करूनही होतं. पँट्रीतून घेतलं तर बिल मागा, तो तुमचा हक्क आहे. बाटलीबंद पाण्यात रेल नीर घ्या. लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून चौदा रुपयांना आहे, कुणी वीस मागितले तर देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी झारखंडात शिरल्यावर चहाची चवच बदलते. खरगपूरच्या अलीकडे झालमुरीवाला, म्हणजे तिखट मुरमुरेवाला, येतो. मोहरीचं तेल झेपत असेल तर ती कागदाच्या पुडीतून, खोबऱ्याच्या कापासकट खावी.

संडासाची भीती वाटते.

ही भीती खोटी नाही. त्यातल्या त्यात पहाटे पाचच्या आत उरकून घ्या. मोठ्या स्टेशनवर पाणी भरलं की त्यानंतरचा अर्धा तास चांगला. हल्ली सगळीकडे जैव-शौचालयं आहेत. त्यात कागद, पॅड, बाटली टाकली की ते तुंबतं आणि डब्यातल्या ऐंशी जणांना भोगावं लागतं. डबा फारच घाण असेल किंवा पाणी संपलं असेल तर रेलमदत ॲपवर पीएनआर टाकून तक्रार करा. पुढच्या मोठ्या स्टेशनवर माणूस आलेला मी अनेकदा पाहिला आहे. भीतीपोटी पाणी पिणं बंद करू नका, विशेषतः बायकांना सांगते. मी तरुणपणी ते केलं आहे आणि डोकेदुखी घेऊन उतरले आहे.

एकट्या बाईने स्लीपरने जावं का?

मी जाते. लांबच्या मेल-एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये सहा बर्थचा महिला कोटा असतो, एकटीचं तिकीट त्यातून काढलं की आसपास बायका येण्याची शक्यता वाढते. वरचा बर्थ घ्या. चढल्यावर शेजारच्या कुटुंबाशी दोन शब्द बोला. कुणाचा त्रास वाटला तर लाजू नका, रेल्वेचा मदत क्रमांक १३९ लावा. रेल्वे सुरक्षा दलाची मदतही त्याच क्रमांकावरून मिळते. टीसीला सांगून जागा बदलून घेता येते.

चोरी झाली तर?

गाडीतच टीसी, गार्ड किंवा रेल्वे पोलिसांकडून तक्रारीचा अर्ज मिळतो. तो भरून द्यायचा, प्रवास सोडून मध्येच उतरायची गरज नाही. फोन बहुतेक वेळा खिडकीतूनच जातो, गाडी सिग्नलला रेंगाळत असताना. खिडकीच्या गजांशी हात टेकवून फोन बघत बसू नका.

मुलांचं तिकीट लागतं का?

पाच वर्षांखालच्यांना नाही. पाच ते बारापर्यंत स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. तीस तासांच्या प्रवासाला आठ वर्षांच्या मुलाला बर्थ घ्याच.

गाडी उशिरा असेल तर पैसे परत मिळतात?

तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर पूर्ण परतावा मिळतो. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाईन टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो.

वाटेत जागं राहून बघावं असं काय आहे?

कसारा ते इगतपुरी, म्हणजे थळ घाट. सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. गाडी कसाऱ्याला थांबते, मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात आणि मग सगळी गाडी संथपणे वर सरकते. पावसाळ्यात सकाळच्या त्या वेळी दरीत ढग उतरलेले असतात. गीतांजलीत झोप राहिली असेल तर कल्याणनंतर डोळा लागतोच, पण कसाऱ्याला उठा.

दुसरं म्हणजे राउरकेला ते चक्रधरपूर. सारंडाचं सालवृक्षांचं जंगल, लाल माती, बोगदा, आणि मनोहरपूरसारखी छोटी स्टेशनं. उजाडतानाच हा भाग येतो. साईड लोअरवाल्याने पाय आवरून शेजाऱ्याला खिडकीशी बसू द्यावं, अशी ही वेळ.

हावड्याला उतरल्यावर?

शेवटचा टप्पा कंटाळवाणा होतो. हावडा तोंडाशी आलं तरी गाडी बऱ्याचदा थांबत-थांबत सरकते. सामान घेऊन दाराशी अर्धा तास उभं राहू नका. दक्षिण पूर्व रेल्वेच्या गाड्या बहुधा न्यू कॉम्प्लेक्सच्या, म्हणजे स्टेशनच्या नव्या भागातल्या, फलाटांवर लागतात. हुगळीखालून जाणारी मेट्रो मार्च २०२४ पासून सुरू आहे आणि एस्प्लनेडला काही मिनिटांत पोचवते. पण सामान कमी असेल तर स्टेशनसमोरच्या घाटावरून फेरी घ्या. तिकीट अगदी थोड्या रुपयांचं. तीस तासांच्या धुळीनंतर नदीचा वारा लागतो, डावीकडे-उजवीकडे कुठे ना कुठे हावडा ब्रिज दिसत राहतो, आणि समोर कोलकाता जवळ येत जातं.